माझ्या लॅपटॉपवरच एंड-टू-एंड टेस्ट का पडतात?

प्रश्न थोडक्यात असा: रिअ‍ॅक्टचा फ्रंटएंड, नोडचा बॅकएंड, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. एंड-टू-एंड टेस्ट (ब्राउझर उघडून वापरणाऱ्यासारखं सगळं करून बघणाऱ्या) प्लेराइट या टूलमध्ये लिहिलेल्या, साधारण दीडशे. सीआयवर, म्हणजे कोड पुश केला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर, सगळ्या हिरव्या (पास). लॅपटॉपवर चालवल्या की पाच-सहा पडतात, आणि दर वेळी वेगळ्याच. टीममधले सीनियर म्हणतात, लोकलच्या (स्वतःच्या मशीनवर चालवण्याच्या) भानगडीत पडू नकोस, पुश कर आणि बघ. तर लोकल चालवण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर नीट कशा चालवायच्या?

अर्थ आहे. "पुश कर आणि बघ" या पद्धतीवर मी एका टीममध्ये दोन वर्षं काढली आहेत. बटणाच्या नावातली एक वेलांटी चुकली म्हणून वीस मिनिटं सीआयच्या पाइपलाइनकडे बघत बसायचं. एका दुपारी असं चार वेळा झालं की माणूस टेस्ट दुरुस्त करायचं सोडून रिट्राय (पडलेली टेस्ट आपोआप किती वेळा परत चालवायची तो आकडा) वाढवतो, आणि मग सगळंच हिरवं दिसायला लागतं. तुमच्या सीआयवर रिट्राय किती ठेवलेत ते आधी बघा. दोन असतील तर तिथेही टेस्ट पडत असणार, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उठून उभ्या राहत असणार. रिपोर्टमध्ये "फ्लेकी" (कधी पडणाऱ्या, कधी पास होणाऱ्या) असा वेगळा आकडा असतो, तो सहसा कुणी वाचत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. लोकल पडणाऱ्या टेस्टच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा अंगण खरोखरच वाकडं असतं. सर्व्हर कालचा असतो, डेटाला कुणीतरी हात लावलेला असतो, घड्याळ भलतंच असतं. म्हणून पडलेली टेस्ट उघडून तिच्यात थांबे घालण्याआधी ती नेमकी कशावर चालली ते शोधायचं.

सुरुवात सर्व्हरपासून. प्लेराइटच्या कॉन्फिगमध्ये वेबसर्व्हर म्हणून एक भाग असतो: कमांड द्यायची, पत्ता द्यायचा, प्लेराइट सर्व्हर उठवतं, तो उत्तर देईपर्यंत थांबतं आणि मग टेस्ट सुरू करतं. त्यातच "रियूज एक्झिस्टिंग सर्व्हर" नावाची एक सोय आहे. बहुतेक प्रोजेक्टमध्ये ती सीआयवर बंद आणि लोकलवर चालू असते. म्हणजे त्या पोर्टवर (सर्व्हर ज्या नंबरवर ऐकतो तिथे) आधीच काही चालू असेल तर प्लेराइट नवा सर्व्हर उठवतच नाही, आहे त्याच्याशी बोलायला लागतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी दोन तास एका टेस्टशी झटत होतो. "सभासद जोडा" या फॉर्ममध्ये नवीन रकाना टाकला होता. कोडमध्ये तो दिसतोय, ब्राउझरमध्ये मी स्वतः उघडलं तर दिसतोय, पण टेस्ट म्हणते रकाना नाही. शेवटी ३००० नंबरच्या पोर्टवर कोण बसलंय ते बघितलं. तिथे आदल्या दिवशीच्या ब्रँचवरून उठवलेली नोडची प्रोसेस होती, चौथ्या टर्मिनलच्या टॅबमध्ये. माझा नवा सर्व्हर ३००० मोकळा नाही म्हणून गुपचूप ३००१ वर जाऊन बसला होता. मी बघत होतो ३००१, टेस्ट बघत होती ३०००.

त्या दिवसापासून टेस्टचा पोर्ट वेगळा, माझ्याकडे ३१००, आणि ती सोय लोकललाही बंद. पोर्ट अडलेला असेल तर प्लेराइट सरळ तक्रार करून थांबतं, आणि मला तेच हवं असतं. हेल्थ चेकच्या (सर्व्हर चालू आहे का ते सांगणाऱ्या) पत्त्यावर चालू कमिटचा हॅशही, म्हणजे कोडच्या आवृत्तीची खूण, छापतो. सर्व्हर कुठल्या कोडचा आहे यावर मग वाद होत नाही.

पोर्ट निवडताना मॅकवाल्यांनी ५००० टाळा. २०२१ च्या मॉन्टेरेपासून तिथे एअरप्ले रिसीव्हर बसलेला असतो, आणि तुमचा सर्व्हर न उठताही काहीतरी उत्तर येतं. दुसरी कटकट "लोकलहोस्ट" या नावाची, म्हणजे आपल्याच मशीनच्या नावाची. नोडच्या १७व्या आवृत्तीपासून हे नाव आधी आयपीव्ही६ च्या पत्त्याकडे वळू शकतं. सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर (आपल्याच मशीनच्या जुन्या, आयपीव्ही४ पत्त्यावर) ऐकत असेल तर कनेक्शन नाकारलं जातं आणि माणूस चक्रावतो, कारण ब्राउझरमध्ये तर पान उघडतंय. २०व्या आवृत्तीपासून त्रास बराच कमी झालाय, पण एक ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. अर्धं लोकलहोस्ट आणि अर्धं १२७.०.०.१ असं ठेवलंत तर ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी ठिकाणं आहेत. एकीकडची लॉगिनची कुकी दुसरीकडे जाणार नाही.

आता डेव्ह सर्व्हरवर (कोड लिहिताना चालू असतो त्यावर) टेस्ट चालवायच्या की बिल्डवर (ग्राहकाला जातं त्या तयार रूपावर)? बिल्डवर. "पहिल्यांदा चालवलं की पडते, लगेच परत चालवलं की पास होते" हे लक्षण ओळखीचं वाटतंय का? वीट (Vite) हे फ्रंटएंडचं टूल वापरत असाल तर ते बहुधा असं घडतं: डेव्ह सर्व्हर लायब्ररी आधी बांधून ठेवतो, पण एखाद्या पानावर नवीन लायब्ररी सापडली की ती पुन्हा बांधतो आणि पान आख्खं रीलोड करतो. टेस्टने तोवर अर्धा फॉर्म भरलेला असतो, तो पुसला जातो. दुसऱ्या फेरीला सगळं बांधून तयार असतं, म्हणून पास. त्यात रिअ‍ॅक्टचा स्ट्रिक्ट मोड डेव्हमध्ये इफेक्ट दोनदा चालवतो. पान उघडताच कच्ची नोंद तयार करणारा कोड असेल तर डेव्हवर चालवलेल्या लोकलला दोन नोंदी आणि बिल्डवर चालणाऱ्या सीआयवर एक. टेस्ट लिहिताना डेव्ह सर्व्हर ठीक आहे. निकाल मानायचा असेल तर बिल्ड करा, तेच उठवा, त्यावरच चालवा. एखादं मिनिट जास्त जाईल.

डेटाबेसवर जरा जास्त लिहितो, कारण "दर वेळी वेगळ्याच पडतात" याचं मूळ बहुधा तिथेच आहे.

पहिली चूक म्हणजे रोजच्या कामाचा डेटाबेस टेस्टसाठी वापरणं. तुम्ही सकाळी हाताने तीन सभासद टाकले, त्यातला एक अर्धवट सोडला, आणि "यादीत पाच ओळी दिसायला हव्यात" म्हणणारी टेस्ट संध्याकाळी पडली. डेटाबेस वेगळाच हवा. मी डॉकरमध्ये (वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये) पोस्टग्रेस चालवतो आणि बाहेरचा पोर्ट ५४३३ देतो. कारण ५४३२ वर मशीनवर कधीतरी बसवलेलं पोस्टग्रेस असू शकतं, आणि मायग्रेशन (डेटाबेसची रचना बनवणं-बदलणं) एकीकडे चालवून टेस्ट दुसरीकडे बघत असल्याचे प्रसंग मी मोजणं सोडलंय. डेटाची जागा मेमरीत ठेवायची आणि एफसिंक (प्रत्येक बदल डिस्कवर पक्का लिहिण्याची सक्ती) बंद करायचं. वीज गेली तर डेटा जाईल, पण तो जाण्यासाठीच आहे.

प्रत्येक फेरीच्या आधी मायग्रेशन आणि सीड (सुरुवातीचा डेटा भरणं) पहिल्यापासून चालवलं तर वेळ फार जातो. पोस्टग्रेसमध्ये याला छान उपाय आहे: एकदा मायग्रेशन आणि सीड करून एक मूळ डेटाबेस तयार ठेवायचा, आणि नवीन डेटाबेस बनवताना तो टेम्प्लेट म्हणून द्यायचा. फाइलींची नक्कल होते, लहान डेटाबेस असेल तर सेकंदाच्या आसपास काम होतं. अट एकच, नक्कल होताना मूळ डेटाबेसला कुणी जोडलेलं नको. एखाद्या डेटाबेस बघायच्या टूलमध्ये तो उघडा राहिला असेल तरी पोस्टग्रेस नकार देतं. जुनी नक्कल पाडताना कनेक्शन अडवत असतील तर १३व्या आवृत्तीपासून "फोर्स" लावून पाडता येते.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी दोनदा पडलोय. डेटाबेस तयार करायचं काम बरेच जण प्लेराइटच्या ग्लोबल सेटअपमध्ये (सगळ्या टेस्टआधी एकदा चालणाऱ्या कोडमध्ये) घालतात. वाचायला बरोबर वाटतं. पण प्लेराइट आधी वेबसर्व्हर उठवतं आणि ग्लोबल सेटअप नंतर चालवतं. म्हणजे सर्व्हर जुन्या डेटाबेसला चिकटून बसल्यावर तुम्ही तो त्याच्या पायाखालून काढून घेता. डेटाबेसची तयारी वेबसर्व्हरच्या कमांडमध्येच करा. एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: आधी नक्कल, मग सर्व्हर.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. प्लेराइट सांगितलं नाही तर मशीनच्या लॉजिकल कोअरच्या निम्मे वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेस) उठवतं. सीआयचं मशीन दोन कोअरचं असेल तर तिथे वर्कर एकच आणि टेस्ट एकामागून एक. तुमच्या लॅपटॉपवर बारा कोअर असतील तर सहा वर्कर एकाच डेटाबेसवर तुटून पडतात. एक टेस्ट सभासद काढून टाकते, त्याच क्षणी दुसरी त्याच सभासदाच्या नावावर पावती फाडत असते. लोकलला एकदा एकच वर्कर देऊन सगळ्या चालवून बघा. सगळ्या पास झाल्या तर तुमचं दुखणं सापडलं. वर्कर कायमचा एक ठेवणं हे त्याचं औषध नाही, टेस्टना एकमेकींच्या ताटातलं खाऊ न देणं हे आहे. प्रत्येक वर्करला वेगळा डेटाबेस आणि वेगळा सर्व्हर देता येतो, पण लॅपटॉपला जड जातं. आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो. तिथे प्रत्येक टेस्ट सुरुवातीला एपीआयमधून स्वतःची नवी शाखा बनवते आणि तिच्याच आत सभासद, खाती, पावत्या. दुसऱ्या शाखेतलं तिला दिसतच नाही. तुमच्या अ‍ॅपमध्ये कंपनी, शाळा, दुकान असं जे काही वरचं खोकं असेल ते दर टेस्टला नवीन बनवा.

आणि एक कडी लावून ठेवा. डेटा पुसणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत डेटाबेसचं नाव तपासा. नावाच्या शेवटी ठरलेला शब्द नसेल तर स्क्रिप्टने काही न करता बाहेर पडायचं. एका जुन्या नोकरीत कुणाच्या तरी एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) स्टेजिंगचा, म्हणजे ग्राहकाला दाखवायच्या सर्व्हरचा, पत्ता राहिला होता. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला डेमो होता. पुढचं सांगत नाही.

घड्याळाकडे येऊ. सीआयची मशीनं बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात, आपला लॅपटॉप साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात भारतात नवी तारीख लागलेली असते आणि यूटीसीमध्ये कालचीच असते. आमच्याकडे "आजच्या पावत्या" या पानाची टेस्ट फक्त रात्री उशिरा काम करणाऱ्या एकाच मुलाकडे पडायची. सगळे त्याला म्हणायचे, तुझं मशीन बिघडलंय. रात्री पाऊणला ब्राउझर पावतीवर १५ तारीख घालत होता आणि डॉकरमधला सर्व्हर "आज" म्हणजे १४ समजून यादी काढत होता. पावती यादीत दिसेना. टेस्ट बरोबर होती, बग खरा होता, आणि सीआय कायम हिरवं होतं कारण तिथे ब्राउझर आणि सर्व्हर दोघेही यूटीसीत. तुमचे वापरणारे भारतात असतील तर सीआयलाच आशिया-कोलकाता टाइमझोन द्या. प्लेराइटमधलं टाइमझोनचं सेटिंग फक्त ब्राउझरला लागू होतं. सर्व्हरला टीझेड हा एन्व्ह व्हेरिएबल वेगळा द्यावा लागतो, डेटाबेसच्या सेशनचा टाइमझोन तिसरा. १.४५ आवृत्तीपासून ब्राउझरचं घड्याळ गोठवता येतं, पण सर्व्हरचं चालूच राहतं, हे विसरून व्याजाची टेस्ट लिहू नका.

तुमचं अ‍ॅप मराठीत आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण असेल तर पुढचं तुमच्यासाठी. "दुसऱ्या पायरीकडे जा" असं बटण. टेस्टमध्ये हुबेहूब तोच मजकूर. तरी प्लेराइट म्हणतं असं बटण नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून बघितल्या, काना-मात्रेचा फरक नाही. फरक आत होता. ऱ्य हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, मधे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर आणि मग य. "दुसऱ्या" आणि "दुसर्‍या" डोळ्याला सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. भाषांतराच्या फाइलीत एकाने एका कीबोर्डवरून टाइप केलं, टेस्टमध्ये दुसऱ्याने दुसऱ्यावरून. युनिकोडचं नॉर्मलायझेशन र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, पण हा जॉइनरचा प्रकार तसाच ठेवतं. तो आपणच बदलायचा. आम्ही भाषांतराच्या फाइलींवर एक तपासणी बसवली, आणि टेस्टमध्ये मजकूर हाताने लिहिण्याऐवजी त्याच फाइलीतून उचलायला लागलो.

आकड्यांचंही तसंच. जावास्क्रिप्टला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) दिलं की रक्कम १,२३,४५६ अशी देवनागरी अंकांत येते. भारतीय इंग्रजी लोकेल दिलं की स्वल्पविराम त्याच जागी, पण अंक इंग्रजी. टेस्टचं लोकेल कॉन्फिगमध्ये पक्कं केलं नाही तर निकाल ज्याच्या-त्याच्या मशीनवर सोडलेला असतो. स्क्रीनशॉट जुळवणाऱ्या टेस्ट असतील तर त्या थेट लॅपटॉपवर चालवूच नका. मॅक आणि लिनक्सवर अक्षरं वेगळी उमटतात, म्हणून तर प्लेराइट त्या फाइलींच्या नावात प्लॅटफॉर्म घालतं. सीआयवर आहे तोच डॉकर इमेज घ्या आणि त्यातच स्क्रीनशॉट काढा. इमेज हलका असेल आणि देवनागरी फाँट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन येतील. नोटोचे फाँट टाकले की झालं. क्रोमियम कंटेनरमध्ये मधेच कोसळत असेल तर शेअर्ड मेमरी बघा, डॉकर मुळात ६४ एमबीच देतं.

बाहेरच्या सेवा: ओटीपी, ईमेल, पेमेंट. प्लेराइटमध्ये राउट अडवून खोटं उत्तर देता येतं, पण ते फक्त ब्राउझरमधून निघालेल्या रिक्वेस्टला. तुमचा सर्व्हर एसएमएसवाल्याकडे जी रिक्वेस्ट पाठवतो ती ब्राउझरला दिसतच नाही. हे न कळल्यामुळे लोक दिवसभर राउट लिहीत बसतात आणि खरे एसएमएस जात राहतात, पैशासकट. सर्व्हरच्या बाजूला बाहेरचा पत्ता एन्व्हमधून घ्या आणि लोकलला तिथे एक छोटा खोटा सर्व्हर बसवा. ईमेलला मेलपिट चांगलं आहे. १०२५ वर मेल घेतं, ८०२५ वर दाखवतं, आणि एपीआयमधून टेस्टला मेल वाचता येते, त्यातला ओटीपी उचलता येतो. "टेस्टमध्ये ओटीपी नेहमी १२३४५६" हा शॉर्टकट मला आवडत नाही. केलाच तर प्रॉडक्शनमध्ये ते सेटिंग दिसताच सर्व्हर उठायलाच नको, एवढी सोय करा.

रोजचं चालवणं त्या मानाने सोपं. टेस्ट लिहिताना यूआय मोड उघडा ठेवा, प्रत्येक पायरीला पान कसं दिसत होतं ते मागे जाऊन बघता येतं. लोकलला रिट्राय शून्य. ट्रेस (टेस्टच्या प्रत्येक पायरीची नोंद) "पडली तरच ठेव" असा. सीआयवर पडलेल्या टेस्टचा ट्रेस डाउनलोड करून आपल्या मशीनवर उघडता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते लॉग वाचत बसतात. संशय असलेली टेस्ट एकटीच वीस वेळा चालवा, रिपीट-ईचचा पर्याय त्यासाठीच आहे. वीस वेळा एकटी पास आणि बाकीच्यांबरोबर पडते तर डेटा. एकटीच वीसात तीनदा पडते तर टेस्ट किंवा अ‍ॅप. आणि तेव्हाही सरसकट दोन सेकंदांचा थांबा घालू नका. प्लेराइट बटण दिसेपर्यंत, हलायचं थांबेपर्यंत स्वतःच थांबतं, आणि अपेक्षा तपासताना मुळात पाच सेकंद वाट बघतं. त्याला कळत नाही अशी एक गोष्ट: सर्व्हरवरून रंगवून आलेल्या पानात बटण दिसतंय, पण रिअ‍ॅक्टने अजून त्याला हात लावलेला नाही. क्लिक हवेत जातो. अ‍ॅप तयार होईपर्यंत बटण डिसेबल ठेवणं हा त्याचा खरा इलाज, कारण स्लो नेटवर्कवर वापरणाऱ्याचाही क्लिक असाच वाया जात असतो.

लॅपटॉप ८ जीबीचा असेल तर वर्कर दोनच द्या आणि चार्जर लावा. बॅटरीवर प्रोसेसर हात आखडता घेतो आणि ३० सेकंदांची मुदत उगाच संपते. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) काम करत असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरून वाचताना सगळंच रांगतं.

दीडशेच्या दीडशे दर पुशआधी चालवायची गरज नाही. मी ज्या भागाला हात लावला तेवढ्या फाइली चालवतो, वर लॉगिन, पावती आणि दिवसअखेर अशा टॅग लावलेल्या दहा-बारा. काही पडलं तर शेवटच्या पडलेल्याच परत. बाकीच्या सीआयवर चालतात, तोवर मी दुसरं काम काढलेलं असतं. तुम्ही सोमवारी वेगळा पोर्ट, वेगळा डेटाबेस आणि एक वर्कर एवढंच करून बघा, आणि पाच-सहातल्या किती उरल्या ते कळवा. उरतील त्यांचे ट्रेस पाठवा, ते बघू.